वानर मेलं तर कोणाला सांगायचं?

(जानेवारीतल्या तीन दिवसांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी दुपारी केलेलं बोलणं. ज्यांना यायला जमलं नाही त्यांच्यासाठी इथे उतरवून देत आहोत. मधे लोकांनी विचारलेले प्रश्नही आठवले तसे घातले आहेत.)



सकाळपासून आपण प्लॉट, दंडाच्या पावत्या, मोजणी यावरच बोलतोय. तेच आपलं मुख्य काम आहे. आता जेवणं झाल्यावर आम्हाला तापावर बोलायला उभं केलंय. काहींना वाटेल, संघटनेत हे कुठून आलं? तापाचा नि जमिनीचा काय संबंध? थोडा वेळ ऐका, मग तुम्हीच ठरवा.

गेल्या वर्षी होळी झाल्यावर आमच्या पाड्याच्या वरच्या अंगाला, नाल्याजवळ, शेळ्यांमागच्या पोरांना दोन वानरं मेलेली दिसली. अंगावर जखम नाही, गोळी नाही, फास नाही. पोरांनी घरी येऊन सांगितलं. म्हातारे म्हणाले, गप्प बसा. दोघे-तिघे वर गेले, हळद-कुंकू टाकलं, वर दगड रचले आणि परत आले. बाहेर कोणाला एक शब्द सांगितला नाही. का नाही सांगितला? कारण त्याच्या आधी दोन वर्षं आमच्यातल्या एकाला मेलेलं भेकर उचललं म्हणून तीन दिवस आत बसवलं होतं. भेकर कुत्र्यांनी फाडलेलं होतं, तो ओरडून सांगत होता, पण ऐकतो कोण. तेव्हापासून मेलेलं जनावर दिसलं की आमच्या डोक्यात पहिली येते ती केस. आजाराचा विचार कोणी करतच नाही.

पुढच्या पंधरवड्यात पाड्यावर एका बाईला ताप आला. चार दिवस फणफणली. रक्त घ्यायला माणूस आला, बोट टोचलं, काचेवर थेंब घेतला आणि गेला. त्या काचेचं काय झालं ते आजपर्यंत आम्हाला कोणी सांगितलं नाही. बाई बरी झाली. मलेरिया असावा. वानरांचा आणि तिच्या तापाचा संबंध होता असं आम्ही बिलकूल म्हणत नाही. नसेलच. पण नव्हता हेही आम्हाला ठाऊक नाही, कारण वानरं दगडाखाली आणि रक्ताची काच कुठे गेली ते देवाला माहीत.

हे मनात होतं म्हणून कर्नाटकात जंगलाच्या प्रश्नावर बैठक आहे असं कळलं तेव्हा आम्ही दोघं गेलो. शिरसीकडचा मुलूख. तिथे १९८३ साली सालकणी गावाच्या लोकांनी ठेकेदाराच्या कुऱ्हाडीपुढे जाऊन झाडांना मिठ्या मारल्या. अप्पिको म्हणतात त्या चळवळीला, कानडीत अप्पिको म्हणजे कवटाळा. आम्हाला कानडी येत नाही. पण त्या बाजूला गवळी धनगर आहेत, ते घरात मराठीसारखंच बोलतात, त्यामुळे निभावलं. रात्री शेकोटीला बसलो असता आम्ही वानरांची गोष्ट काढली. एक म्हातारा पटकन म्हणाला, आमच्याकडे वानर मेलं की आधी आम्ही त्या रानात जायचं बंद करतो. मग त्याने जे सांगितलं आणि परत आल्यावर पुण्याच्या एका डॉक्टर मित्राने जे पुस्तकांतून वाचून समजावलं, ते आता सांगतो.

शिरसीच्या शेजारी शिमोगा जिल्हा. तिथे सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचं जंगल आहे. १९५७ साली उन्हाळ्याच्या तोंडाला तिथे वानरं आणि माकडं मरून पडायला लागली आणि जंगलाकाठच्या गावांत माणसं तापाने पडली. जोराचा ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंग ठेचल्यासारखं दुखणं, डोळे लाल, उलट्या, आणि काहींच्या नाकातून-हिरड्यांतून रक्त. कोणी पंधरा दिवसांत उठून बसलं, कोणी उठून बसल्यावर पुन्हा आडवं झालं. लोकांनी स्वतःच नाव दिलं, मंगन कायिले, म्हणजे माकडाचा आजार. साहेब लोक यायच्या आधीच गावाने दोन गोष्टी जोडल्या होत्या, माकड मरतं आणि मग माणूस पडतं.

मग पुण्याहून डॉक्टर लोक गेले. पुण्यात विषाणूंवर संशोधन करणारी संस्था १९५२ साली सुरू झाली होती, सरकारची आणि अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनची मिळून. पुणं म्हणजे काही लांब नाही, आपल्या एस्टीच्या वाटेवरचं गाव. त्या डॉक्टरांना आधी धास्ती वाटली की हा पिवळा ताप आला की काय. दक्षिण अमेरिकेत पिवळ्या तापानेही माकडं आणि माणसं मरतात. आपल्या देशात तो कधीच नव्हता, आला असता तर हाहाकार. त्यांनी मेलेल्या माकडांतून आणि आजारी माणसांच्या रक्तातून विषाणू वेगळा काढला. पिवळा ताप नव्हता. रशियाच्या थंड जंगलात गोचिडीमुळे एक मेंदूचा ताप येतो, त्याच्या भावकीतला हा नवाच विषाणू निघाला. त्याला क्यासनूरचं नाव दिलं. काहींना वाटलं, थंडीत उत्तरेकडून उडत येणाऱ्या पाखरांनी तो आणला असेल. पाखरं धरून तपासली. पण पाखरांनी आणला हे काही सिद्ध झालं नाही.

या कामात धोका त्यांनाही होता. विषाणू हाताळताना प्रयोगशाळेतल्या माणसांना लागण झाली, तीही तापाने पडली. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याला वाटतं शहरातले लोक नुसते कागद रंगवतात. सगळेच तसे नसतात.

आता गोचिडीची गोष्ट नीट ऐका, सगळं मर्म तिच्यात आहे.

गोचीड आपल्याला नवी नाही. गायीच्या कानात, कासेला टम्म फुगलेली रोज काढतो. पण या आजाराची जी रानातली गोचीड आहे तिचा जन्म तीन घरी जातो. पावसाळा सरता सरता अंड्यातून बारीक पिल्लं निघतात, डोळ्याला धड दिसत नाहीत अशी. ती उंदीर, घूस, खार असल्या बारक्या जनावरांवर चढतात, माकडावरही चढतात, रक्त पितात, खाली पडतात, कात टाकतात. मग मधल्या वयाची होतात, तिळाएवढी. हीच डिसेंबर ते मे पाल्यात दडून बसलेली असतात आणि हीच माणसाला चावतात. नंतर मोठी झाली की त्यांना मोठं जनावर लागतं, रानात गवा, आणि गवा नसेल तिथे आपली गाय-म्हैस. मोठ्या जनावराचं रक्त प्यायल्याशिवाय मादी अंडी घालू शकत नाही.

विषाणू फिरतो तो मुख्य करून बारकी जनावरं, माकडं आणि गोचिडी यांच्यात. माकडाला तो झेपत नाही, ते मरतं. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी थंड झालेलं अंग सोडून तिथेच खाली उतरतात. म्हणून मेलेल्या वानराभोवतीची जागा सगळ्यात वाईट. हे ऐकलं तेव्हा आमच्या अंगावर काटा आला. आमच्या लोकांनी हातांनी दगड रचले होते.

आणि माणूस? माणसापाशी हा आजार संपतो. माणसाचा माणसाला लागत नाही.

(इथे एका बाईने विचारलं, मग आजारी माणसाला शिवलं, भरवलं तर? आम्ही सांगितलं, शिवा, भरवा, पाणी पाजा, वाळीत टाकू नका. या आजाराला खास औषध नाही, शेवेनेच माणूस वाचतं. शंभर आजाऱ्यांत पाच-दहा दगावतात, बाकीचे उठतात.)

(एकाने विचारलं, वानरंच मारून टाकली तर? भाऊ, वानर आपल्याआधी मरून आपल्याला सांगतं. त्याला मारून उंदीर-घुशीतला विषाणू मरणार आहे का? आणि मारताना गोचिडी कोणाच्या अंगावर येतील?)

आता मुख्य प्रश्न. जंगल तिथेच होतं, माकडं तिथेच, गोचिडीही. मग १९५७ सालीच असं काय झालं? पुण्याच्या त्या कामात बोशेल नावाचे एक डॉक्टर होते, कोलंबिया देशाचे. ते आपल्या मुलखात पिवळ्या तापावर काम करत असताना तिथल्या लाकूडतोड्यांमुळे त्यांच्या ध्यानात आलं होतं की उंच झाड पाडलं की शेंड्यावर राहणारे निळे डास खाली माणसांवर येतात. लाकूडतोड्यांना झालेला ताप शेंड्यावरून उतरला होता. असा माणूस शिमोग्याला आला, त्याने इथेही तेच पाहिलं, की जंगलात काय बदललं? १९६९ साली त्यांनी लिहिलं ते थोडक्यात असं : दाट जंगल तोडलं गेलं, मधे मधे शेतं झाली, वस्ती वाढली, गुरं वाढली. गुरं जंगलाच्या कडेला चरू लागली तशा मोठ्या गोचिडींना हवं तेवढं रक्त मिळालं. तोडलेल्या जागी घाणेरीची जाळी माजली, तिच्यात उंदीर-घुशी आणि गोचिडी. विषाणू बहुधा आधीपासून जंगलाच्या पोटात गुपचूप फिरत होता. जंगल फाटलं आणि तो कडेला आला, जिथे आपण मोळी बांधतो.

हे सगळं शिमोग्याचं, जुनं. आता बेळतंगडीचं ऐका. दक्षिण कन्नड जिल्ह्यातला तालुका, घाटाच्या पायथ्याचा. तिथे मलेकुडिया म्हणून आपल्यासारखे रानात राहणारे लोक आहेत. तिथे राखीव जंगलातले शेकडो एकर सरसकट तोडून काजूची लागवड करायचं ठरलं. ठरवलं कोणी? मलेकुडियांनी नाही. मजुरीला कुऱ्हाड घेऊन गेलं कोण, ते वेगळं सांगायला नको. १९८२ च्या शेवटाला माकडं मरू लागली आणि १९८३ च्या उन्हाळ्यापर्यंत हजारावर माणसं आजारी पडली, शंभराच्या वर मेली. शिमोग्याला आजार सापडून पंचवीस वर्षं झाली होती, बोशेलचं लिहिणं छापून तेरा वर्षं झाली होती. सगळं कागदावर होतं. पण तो कागद डॉक्टरांच्या कपाटात, तोडीचा हुकूम दुसऱ्या कचेरीत आणि गुरांचा डॉक्टर तिसऱ्या गावात.

तिथल्या काही लोकांचं म्हणणं होतं की जंगल तोडलं म्हणून गावाची राखण करणारी भूतं कोपली. त्या मुलखात भूत म्हणजे आपल्या वाघदेवासारखा राखणदार देव. आमच्यातले शिकलेले याला हसतील. आम्ही बारावी झालो, आम्हीही आधी हसलो. पण बघा, भूत कोपण्याचं कारण त्यांनी काय दिलं, तर तोड. बोशेलने काय कारण दिलं? तोड. आम्हाला आता हसू येत नाही.

आता जिथे आपलं दुखतं तिथे येतो.

या संशोधनाचा अर्थ दोन तऱ्हांनी लावता येतो. एक साहेब आम्हाला तोंडावर म्हणाले, बघा, तुमची गुरं गोचीड वाढवतात, तुमचे प्लॉट जंगलाला भोकं पाडतात, म्हणजे आजार नको असेल तर माणसं आणि गुरं बाहेर काढा. हे तुम्हालाही उद्या ऐकवतील. कायद्याने जमलं नाही तर आरोग्याच्या नावाने उठवतील. तेव्हा उत्तर आजच तयार पाहिजे, आणि ते खरं पाहिजे. खोटं उत्तर पहिल्या तासात उघडं पडतं.

खरं काय आहे? गुरं गोचीड वाढवतात हे खरं आहे. आपण नाकबूल करू नये. गाय स्वतः आजारी पडत नाही आणि आजार पसरवण्याइतका विषाणू तिच्या रक्तात टिकत नाही, पण ती गोचिडीचं पोट भरते. दाट जंगलात मधेच पाडलेला तुकडा धोक्याची कड तयार करतो, हेही खरं. तो तुकडा काजू लावणाऱ्याचा असो की आमचा वरईचा असो, गोचिडीला सातबारा वाचता येत नाही. म्हणून आपल्या पाड्यांत जे नवे तुकडे आत आत पाडायचं चाललंय, दरवर्षी थोडं पुढे, त्याबद्दल आपण आपसात बोललं पाहिजे. इथे काहींची तोंडं वाकडी झाली. होऊ द्या. आपण जुन्या कसवणुकीचा हक्क मागतोय, तो सोडायचा नाही. पण त्या हक्काच्या आडून कोणी ठेकेदाराच्या पैशाने आतलं रान मारत असेल, आणि असे आहेत, तर त्याचा भार सगळ्या पाड्याने का उचलायचा?

आणि दुसरी बाजूही तितकीच खरी. बेळतंगडीला शेकडो एकर एका हुकुमात गेले. आपला एक एकर नावावर करायचं म्हटलं की १९८० चा कायदा आडवा यायचा. कोणती कड किती लांब आहे ते मोजा ना. आणि माणसं बाहेर काढून गोचीड जाणार आहे का? घाणेरी राहील, उंदीर राहतील, आणि बाहेर काढलेला माणूस मोळीसाठी पुन्हा कडेलाच येईल, फक्त आता लपून. लपून जाणारा माणूस मेलेलं वानर बघितलं तरी सांगत नाही. आमच्यासारखंच.

आम्ही परत येताना यावरच बोलत होतो. शिमोग्याला संशोधन कसं चाललं? डॉक्टर लोक सागर गावी मुक्काम ठेवून होते. पांढरं फडकं रानातल्या जमिनीवरून ओढत न्यायचे आणि त्याला चिकटलेल्या गोचिडी मोजायचे. साधं काम आहे, आपली पोरंही करतील. पण माकड कुठे मेलं ते त्यांना कोण सांगायचं? गावातली माणसं. गुराखी, लाकूडवाले, पाला गोळा करणाऱ्या बाया. तिथे सुपारीच्या बागांना रानातला पाला लागतो, आपल्याकडे राबाला लागतो, काम एकच, महिनेही तेच. त्या माणसांची नजर नसती तर पुण्याच्या काचा रिकाम्याच राहिल्या असत्या. मग ज्याच्या नजरेवर काम चालतं त्याला निकाल का कळवत नाहीत? बोट टोचायला येता तर काचेचं काय झालं ते सांगायला पण या.

आपल्या पाड्यांभोवतीच्या जंगलात हा ताप आढळलेला नाही. हे पुन्हा सांगतो, कारण इथून उठून पाड्यावर जाऊन कोणी आरोळी ठोकेल की ताप आला. आलेला नाही. पण सह्याद्री इथून तिथवर एकच आहे, वानर तेच, घाणेरी तीच, आणि तोड तर आपल्याकडेही आहेच. शिवाय फक्त याच तापाचं नाही. फाशीने गुरू मरतं, त्याचं मटण वाटलं जातं, मग माणसाला काळा फोड येतो. गुरांच्या डॉक्टरला आधी कळतं, माणसांच्या डॉक्टरला नंतर, दोघं एकमेकांना सांगत नाहीत आणि आपल्याला दोघंही सांगत नाहीत.

तर आम्ही एवढंच सुचवतो. प्रत्येक पाड्यात संघटनेची जी वही आहे, ज्यात आपण दंडाच्या पावत्यांची नोंद करतो, तिच्याच शेवटच्या पानांवर मेलेलं रानजनावर आणि एकाएकी मेलेलं गुरू लिहायला लागायचं. तारीख, जागा, कोणी पाहिलं. दोन-चार पाहिलेल्यांच्या सह्या-अंगठे. वानर असेल तर हात लावायचा नाही, दगड रचायचे नाहीत, हळद-कुंकू लांबून टाका, देव समजून घेईल. शेळ्या त्या अंगाला न्यायच्या नाहीत. मग तीन-चार जणांनी मिळून तालुक्याला जाऊन लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची. एकटा कोणी जायचं नाही. एकटा गेला की भेकराची केस होते, चौघं पोच घेऊन उभी राहिली की होत नाही. हे आपण दंडाच्या पावतीवरून शिकलोय. जिने आपल्याला गुन्हेगार ठरवलं, तीच पावती आज आपण जमीन कसत होतो याचा पुरावा झाली.

आणि उन्हाळ्यात मोह वेचताना, पाला गोळा करताना जमिनीवर बसकण मारू नका. बायांनो, तुम्ही जास्त बसता. घरी आल्यावर अंग बघा, पोरांचे कानामागे, काखेत बघा. कपडे गरम पाण्यात टाका. पाण्याचा प्रश्न आहे हे माहीत आहे, हंडाभर पाण्यासाठी दीड मैल जातो आपण. जमेल तेवढं.

पुण्याच्या संस्थेने लस केली होती, शिमोगा भागात देऊनही पाहिली होती. आपल्याला आज तिची गरज नाही. पण जंगलतोडीचा नवा कूप आखला जाईल तेव्हा तिथे काम करणाऱ्या मजुराला तापाचं कोण बघणार, हा प्रश्न मजुरीच्या दराबरोबरच विचारायचा. आतापर्यंत आपण दर विचारला, हजेरी विचारली, हे विचारलं नाही.

(शेवटी एका म्हाताऱ्याने उठून विचारलं, त्या दोन वानरांचं आता काय? नाल्याजवळची जागा दाखवणार का? आमच्याकडे लगेच उत्तर नव्हतं. रात्री पाड्यावरच्या लोकांशी बोललो. दोघे नको म्हणाले, बाकीचे हो म्हणाले. वर्ष होत आलं, आता तिथून काही सापडेल असं नाही. तरी वहीत पहिली नोंद तीच केली आहे. तारीख नक्की आठवत नव्हती, तेव्हा ‘होळीनंतर पाचव्या-सहाव्या दिवशी’ असं लिहिलं. खाली तीन अंगठे आणि दोन सह्या आहेत.)